मढीच्या यात्रेतला गेमबॉय

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या गडावर माणसांची रीघ लागलेली असते. रंगपंचमी हा यात्रेचा मोठा दिवस. कानिफनाथांच्या समाधीचं दर्शन झालं, रेवड्यांची पुडी पिशवीत पडली, गाढवांच्या बाजारातून एक फेरी झाली की पोरं मोठ्यांचा हात ओढत खेळण्यांच्या पालांकडे निघतात. नव्वदच्या दशकात या पालांवर पिपाण्या, टिकल्यांची पिस्तुलं आणि बटण दाबून पाण्यात रिंगा उडवायचे चपटे डबे यांच्या शेजारी आणखी एक वस्तू येऊन बसली. हातात मावणारी, वर करड्या रंगाची काच, खाली एका बाजूला चार दिशांची चार बटणं आणि दुसऱ्या बाजूला एक मोठं गोल बटण. चालू केली की चिरक्या आवाजात एक धून वाजायची आणि काचेवर काळे चौकोन उमटायचे. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. मोहटादेवीच्या नवरात्रात, शिर्डीच्या रामनवमीत, पारनेरकडच्या कोरठण खंडोबाच्या यात्रेत, नगर शहरातल्या खेळण्यांच्या दुकानांत ती दिसायची. तिला कुणी ब्रिक गेम म्हणायचं, कुणी विटांचा गेम, आणि बहुतेक जण नुसतंच व्हिडिओ गेम.

या वस्तूचं घराणं मोठं आहे. तिचा मूळपुरुष म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी विकायला काढलेला ‘गेमबॉय’. मूळ गेमबॉय आणि पुढे आलेला रंगीत गेमबॉय मिळून जगभरात ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग खपले. आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात मात्र तो कधी आला नाही. आली ती त्याची गरीब नक्कल. तरीही या नकलेकडे मी आदराने पाहतो, कारण गेमबॉय घडवणाऱ्या माणसाचा जो मूळ विचार होता, तो या नकलेत पुरेपूर उतरला होता. किंबहुना तो विचार मूळ यंत्राला जितका लांब नेता आला नाही, तितका तिने नेला.

त्या माणसाचं नाव गुन्पेई योकोई. जन्म १९४१, गाव क्योतो. निन्टेंडोही क्योतोचीच. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी ती हानाफुदा नावाचे जपानी खेळायचे पत्ते बनवण्यासाठी काढली होती. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला योकोई १९६५ साली तिथे नोकरीला लागला तो पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. काम फारसं नसायचं. रिकाम्या वेळात त्याने लाकडी पट्ट्या जोडून पुढे-मागे होणारा एक लांब हात बनवला. संस्थापकांचा पणतू हिरोशी यामाउची तेव्हा कंपनी चालवत होता. त्याने ते पाहिलं आणि रागावण्याऐवजी त्याचं खेळणं करायला सांगितलं. ‘अल्ट्रा हँड’ या नावाने १९६६ साली ते बाजारात आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं. देखभालीचा कारागीर खेळण्यांचा रचनाकार झाला.

योकोईची कामाची एक पद्धत होती, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तीच आहे. नव्यात नवं तंत्र महाग असतं, त्याच्या खोडी कुणाला ठाऊक नसतात, ते दुरुस्त करणारे हात तयार झालेले नसतात. जुनं, वापरून वापरून मुरलेलं तंत्र स्वस्त असतं आणि त्याचा भरवसा असतो. तेव्हा जुनंच तंत्र घ्यावं आणि ते पूर्वी कुणी लावलं नसेल अशा जागी लावावं, असं तो मानत असे. नगरकरांना हे पटवून द्यायची फारशी गरज नाही. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ज्या लुना नगरहून रस्त्यावर आणल्या, त्यांच्यात जगाला चकित करणारं काय होतं? ५० सीसीचं छोटं इंजिन, सायकलसारखी पायडलं आणि कमीत कमी भाग. पण शिक्षकाला, दूधवाल्याला, शेतकऱ्याला परवडणारी आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला खोलता येणारी ती गाडी होती. गेमबॉय त्याच जातीचा.

त्याआधी हातातले खेळ नव्हते असं नाही. मॅटेल या अमेरिकन कंपनीने १९७६ साली ‘ऑटो रेस’ हा छोटा खेळ आणला. त्यात गाड्या म्हणजे लाल दिव्यांचे नुसते ठिपके होते. १९७९ साली मिल्टन ब्रॅडलीचा ‘मायक्रोव्हिजन’ आला, त्यात वरची पट्टी बदलून वेगवेगळे खेळ खेळता यायचे. पण त्याचा पडदा सोळा बाय सोळा ठिपक्यांचा, आणि तोही लवकर खराब होणारा. त्यावर कुणाचं फार दिवस मन रमणं शक्य नव्हतं.

योकोईला वाट सापडली ती आगगाडीत. वेगवान शिनकान्सेन गाडीने प्रवास करताना समोरचा एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगीच दाबत बसलेला त्याला दिसला. मोठ्या माणसालाही प्रवासात, चारचौघांत न दिसता हात गुंतवायला काहीतरी हवं असतं, हे त्याने हेरलं. ही गोष्ट त्याने यामाउचीच्या कानावर घातली. त्या काळात जपानात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरच्या किमतींची लढाई पेटली होती. कॅल्क्युलेटर दिवसेंदिवस स्वस्त होत चालले होते, त्यांच्या काचेचे पडदे भरमसाठ तयार होत होते आणि या पडद्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर शार्पला हवंच होतं. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ या नावाने योकोईचे खिशात मावणारे खेळ आले. खेळ नसेल तेव्हा तेच घड्याळ. पुढच्या काही वर्षांत या मालिकेतले सगळे मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

हा पडदा कसा चालतो ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत त्याच्या कमी भुकेत आहे. याला आपण एलसीडी म्हणतो. दोन काचांच्या मध्ये द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. विजेचा किंचित दाब दिला की त्या थरातल्या रेणूंची मांडणी बदलते, तिथून प्रकाश जायचा थांबतो आणि ती जागा काळी दिसते. म्हणजे हा पडदा स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरून आलेल्या उजेडाची वाट अडवतो. त्यामुळे त्याला वीज नावापुरती लागते. म्हणूनच मनगटी घड्याळ एका बटणसेलवर वर्षानुवर्षं चालतं. आणि म्हणूनच भर उन्हात, जिथे टीव्हीच्या पडद्यावर काही दिसत नाही, तिथे हा पडदा सगळ्यात स्वच्छ दिसतो. गेम अँड वॉचमध्ये काळ्या होऊ शकणाऱ्या जागांचे आकार आधीच ठरवून काचेवर कोरलेले असायचे. चेंडूच्या सगळ्या जागा, माणसाच्या हातांच्या सगळ्या जागा तयारच, फक्त कुठली कधी काळी करायची किंवा पुसायची एवढंच आतली चिप ठरवायची. साहजिकच एका यंत्रात एकच खेळ.

१९८२ साली याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी योकोईने अधिकाच्या चिन्हासारखं, चार दिशांना झुकणारं एक बटण बनवलं. टेबलावरच्या खेळातली उभी दांडी खिशात मावत नाही, यावरचा तो उपाय होता. डावा अंगठा तिथे ठेवला की खाली न बघता दिशा कळते. जगातल्या बहुतेक व्हिडिओ गेमच्या हातात धरायच्या भागावर ते बटण आज आहे. मढीच्या पालावरच्या ब्रिक गेममध्ये त्याची चार सुटी बटणं झालेली असायची, पण डाव्या अंगठ्याने दिशा आणि उजव्याने कृती ही वाटणी तीच.

गेमबॉयमध्ये पाऊल पुढे पडलं ते पडद्याच्या बाबतीत. आता काचेवर तयार आकार नव्हते, तर आडवे १६० आणि उभे १४४ असे २३,०४० ठिपके होते. कुठलाही ठिपका कधीही गडद करता येई, म्हणजे कुठलंही चित्र काढता येई, म्हणजे कुठलाही खेळ खेळता येई. खेळ असायचा काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेटमध्ये, ती मागून खोचायची. रंग नव्हताच. हिरवट पिवळ्या पार्श्वभूमीवर फिक्यापासून गडदपर्यंत चार छटा, बस. आतला मेंदू आठ बिटांचा, शार्पने बनवलेला, सेकंदाला सुमारे ४१ लाख ९० हजार ठोक्यांवर चालणारा. त्याची रचना सत्तरच्या दशकातल्या ८०८० आणि झेड-८० या चिपांच्या कुळातली, म्हणजे यंत्र बाजारात आलं तेव्हा ती दशकभराहून जुनी झालेली होती. कामाची स्मृती ८ किलोबाइट आणि चित्रांसाठी आणखी ८ किलोबाइट.

आठ किलोबाइटमध्ये आज व्हॉट्सअॅपवरचा सुप्रभाताचा एक फोटोही मावणार नाही. मग त्यात अख्खा खेळ कसा बसवायचा? इथे खरी कारागिरी दिसते. पडदा एकेका ठिपक्याने रंगवायचाच नाही. आठ बाय आठ ठिपक्यांच्या छोट्या फरश्या तयार ठेवायच्या. एक फरशी विटेची, एक ढगाच्या कडेची, एक रिकामी, एकेक अक्षराची. १६० बाय १४४ चा पडदा म्हणजे आडव्या वीस आणि उभ्या अठरा फरश्या. कुठल्या जागी कितव्या क्रमांकाची फरशी बसवायची एवढीच यादी स्मृतीत ठेवली की चित्र उभं राहतं. एकच विटेची फरशी शंभर जागी वापरली तरी तिची जागा एकदाच लागते. गेमबॉयवरची टेट्रिसची कॅसेट अवघ्या ३२ किलोबाइटची होती, त्यात खेळ, चित्रं, संगीत सगळं आलं. अपुऱ्या सामग्रीत नेटका संसार करण्याची ही बुद्धी मला अफाट मोठी वाटते. मोठ्या यंत्रांच्या कौतुकात आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

हे सगळं सहज जमलं नाही. काम सुरू असताना पडद्याने दगा दिला होता. जो पडदा ठरवला होता तो अगदी समोरून पाहिला तरच दिसायचा, जरा तिरकं धरलं की कोरा. यामाउचीने तो पाहून प्रकल्पच थांबवायची भाषा केली. शेवटी शार्पने वेगळ्या जातीचा पडदा दिला, तो हिरवट होता, हलती चित्रं त्यावर किंचित फरफटायची, पण दिसायचा. सातोरू ओकादा या योकोईच्या सहकाऱ्याचा या यंत्राच्या घडणीत मोठा वाटा आहे. एकेकाळी गेम अँड वॉचसारखं साधं, एकदा घेऊन टाकून द्यायचं खेळणं व्हायचं होतं त्याचं अनेक वर्षं टिकणारं, नवनवे खेळ घेणारं यंत्र झालं, ते ओकादाच्या आग्रहामुळे.

गेमबॉय आला त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्ही रंगीत. दोन्हींच्या पडद्यामागे दिवा. शेजारी ठेवले तर गेमबॉय त्यांच्यापुढे अगदीच कळाहीन दिसायचा. पण पडद्यामागचा दिवा विजेचा राक्षस होता. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. लिंक्सचीही तीच गत. गेमबॉय चार सेलवर पंधरा तास आणि त्याहून जास्त चालायचा. किंमतही कमी, अमेरिकेत ८९ डॉलर ९५ सेंट. पोराला खेळणं घेऊन देताना आईबाप एकदा पैसे मोजतात, पण सेलचे पैसे दर आठवड्याला मोजावे लागतात, हा हिशोब अमेरिकेतल्या घरातही तितकाच खरा ठरला. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला, लिंक्स त्याच्याही खूप मागे राहिला.

दणकटपणाचा पुरावा न्यूयॉर्कमध्ये निन्टेंडोच्या दुकानात अनेक वर्षं ठेवलेला होता. १९९१ च्या आखाती युद्धात एका बराकीवर बाँब पडला आणि तिथला एका सैनिकाचा गेमबॉय होरपळला. वरचं प्लास्टिक वितळून काळं पडलं. आतलं यंत्र चालूच राहिलं.

आणि मग टेट्रिस. मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्हने १९८४ साली हा खेळ लिहिला, तोही इलेक्ट्रोनिका-६० या सोव्हिएत संगणकावर, ज्याच्या पडद्यावर चित्रं काढायची सोय नव्हती. त्याने कंसांची चिन्हं जुळवून चौकोन बनवले. चार चौकोन कडेला कड लावून जोडायच्या सात तऱ्हा होतात. त्या सात आकृती वरून पडतात, फिरवून बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. खेळ कधी जिंकता येत नाही, फक्त हरणं लांबवता येतं. भाषा लागत नाही, गोष्ट लागत नाही, वय लागत नाही. त्याचे हक्क नेमके कुणाकडे, यावरून अनेक देशांतल्या कंपन्यांत मोठा झगडा झाला. १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स हा धडपड्या माणूस स्वतः मॉस्कोला गेला आणि सरकारी संस्थेकडून हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क घेऊन आला. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाला त्याने गळ घातली की यंत्राबरोबर मारिओ दिलात तर लहान मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळे घेतील. तसंच झालं. आया, आजोबा, विमानातले व्यापारी, सगळे खेळू लागले. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह या रशियन अंतराळवीराने आपला गेमबॉय आणि टेट्रिसची कॅसेट ‘मीर’ अंतराळस्थानकावर नेली. पाजितनोव्हला स्वतःला या खेळाचा मोबदला मिळू लागायला १९९६ साल उजाडावं लागलं, ही गोष्ट मला आजही बोचते.

मीरपर्यंत पोचलेला हा खेळ नगरला कसा आला?

रीतसर वाटेने आला नाही. १९८९ चे ८९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दीड हजार रुपये, आणि हे नुसतं मूळ किमतीचं गणित. उपभोगाच्या वस्तू परदेशातून आणायला तेव्हा परवाना लागायचा. १९९१ साली आयातकराचा वरचा दर १५० टक्के होता. उदारीकरणानंतर तो झपाट्याने खाली आला, १९९५-९६ पर्यंत ५० टक्क्यांवर. पण उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं पूर्णपणे उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. आखातात नोकरीला असलेला कुणी नातेवाईक आणील तेवढेच गेमबॉय मोठ्या शहरांत दिसायचे. त्यातही यंत्र एकदाच घ्यायचं, कॅसेटा मात्र घेतच राहायच्या, हा गेमबॉयचा सगळा व्यवहार आपल्याकडच्या मध्यमवर्गालाही झेपणारा नव्हता, मग पाथर्डी-शेवगावातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं काय सांगायचं!

चीनमधल्या खेळणी बनवणाऱ्यांनी हे सगळं ओझं उतरवून टाकलं. २३ हजार ठिपके कशाला हवेत? टेट्रिसला दहा बाय वीस, म्हणजे दोनशे चौकोन पुरतात. मग पुन्हा गेम अँड वॉचच्या काळातलं तंत्र घेतलं. दोनशे चौकोन काचेवर आधीच कोरलेले, उजव्या हाताला गुण, वेग आणि पातळी दाखवणारे आकडे आणि पुढे पडणारी आकृती दाखवणारी छोटी चौकट. मेंदू अगदी साधा, अनेक यंत्रांत चारच बिटांचा. खेळ त्या चिपातच कायमचा कोरलेला, कॅसेटचा खर्चच मिटला. उघडून पाहिलं तर आत हिरव्या पट्टीवर काळ्या लाखेचा एक थेंब दिसतो. चिप त्या थेंबाखाली असते. तिला स्वतंत्र कवच न देता सरळ पट्टीवर चिकटवून, केसासारख्या तारांनी जोडून वरून लाख ओततात. त्यात पैसे वाचतात. दोन पेन्सिल सेल घातले की आठवडेच्या आठवडे बघायला नको. टेट्रिसचे हक्क मात्र कुणी विकत घेतलेले नव्हते. ज्या देशात हा खेळ जन्मला त्या रशियातही लाखो मुलांनी तो याच चिनी यंत्रावर खेळला.

९९९९ खेळ अर्थातच नव्हते. मूळ खेळ मोजके. विटा रचायच्या, गाड्यांच्या शर्यतीत समोरच्या गाड्या चुकवायच्या, साप वाढवायचा, रणगाड्यांची लढाई, बेडकाला रस्ता ओलांडून द्यायचा, वरून उतरणाऱ्या विटांवर गोळ्या झाडायच्या. प्रत्येकाचा वेग आणि पातळी बदलली की नवा क्रमांक. वरचा आकडा असा फुगायचा. पण त्या दोनशे काळ्या चौकोनांतून गाडी, साप, बेडूक, रणगाडा डोळ्यांपुढे उभे राहायचे. सात-आठ चौकोनांची गाडी मुलांना गाडीच दिसायची. चित्राची उणीव डोकं भरून काढतं, आणि लहान वयातलं डोकं त्या कामात पटाईत असतं.

या यंत्राचं मोल कळायला आमच्या भागातली वीज आठवावी लागेल. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमला, कॅसेट लावून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायच्या त्या खोक्यांना, घरात टीव्ही हवा आणि टीव्हीला वीज हवी. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत भारनियमनाच्या वर्षांत, विशेषतः २००५ च्या आगेमागे, दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणं नवलाचं नव्हतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लहान मुलंही बरोबर असतात. कारखान्याच्या परिसरात, फडाच्या कडेला उभ्या केलेल्या कोप्यांमध्ये वीज कुठली? तिथे पोराच्या हातात चालू शकेल असं खेळणं एकच, सेलवरचं आणि उन्हात दिसणारं. रेडिओ आणि बॅटरी याच सेलवर चालायची, त्यामुळे सेल खेड्यातल्या किराणा दुकानात हमखास मिळायचे. बॅटरीतले सेल मंद झाले की ते ब्रिक गेममध्ये घालायचे, तिथे ते आणखी बरेच दिवस निघायचे. क्योतोच्या योकोईने ज्या काटकसरीचा विचार केला होता, तिला इतकं चपखल उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि ते दुरुस्त व्हायचं. धूळ आणि घाम बसून एखादं बटण ‘धरेनासं’ व्हायचं. बटणाच्या रबराखाली कार्बनची काळी टिकली असते, ती पट्टीवरच्या दोन रेघा जोडते. रेडिओवाला मागचे स्क्रू काढून ती टिकली आणि त्या रेघा खोडरबराने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, बटण पुन्हा धरायचं. काचेवरची एखादी अख्खी उभी ओळ नाहीशी झाली तर कारण वेगळं. काच आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी दाबून बसवलेली असते, तिच्यात विजेचे वाहक आणि अवाहक थर एकाआड एक असतात. ती सरकली की ओळ गेली. काढून, पुसून, घट्ट बसवली की आली. खऱ्या गेमबॉयमध्येही अशाच ओळी जातात, तिथे काचेला जोडलेली फीत सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने हलक्या हाताने शेकावी लागते. नगरच्या किंवा पाथर्डीच्या रेडिओवाल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. यंत्र इतकं साधं होतं की त्याने ते उघडून, पाहून ओळखलं. आज मोबाइलच्या दुकानात ‘बोर्ड गेला’ हे उत्तर मिळतं तेव्हा मला त्या खोडरबराची किंमत कळते.

आपल्याकडे हे चालू असताना गेमबॉयला जपानात दुसरा जन्म मिळाला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी सातोशी ताजिरीचा ‘पोकेमॉन’ आला. लहानपणी किडे पकडायचा नाद असलेल्या ताजिरीने दोन गेमबॉयना जोडणारी वायर पाहिली आणि तिच्यातून किडे या यंत्रातून त्या यंत्रात जाताहेत अशी कल्पना केली. १५१ प्राणी, आणि ते सगळे मिळवायचे तर मित्राशी अदलाबदल करायलाच हवी. म्हातारं होऊन निवृत्त व्हायला आलेलं यंत्र त्या एका खेळाने आणखी काही वर्षं जगलं. नगरच्या मुलांना पोकेमॉन भेटला तो २००३ च्या सुमारास, कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आणि वेफर्सच्या पाकिटातल्या टाझोंवर. पिकाचूवर जीव टाकणाऱ्या यातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक होतं की हा मुळात हातातल्या यंत्रावरचा खेळ आहे.

ब्रिक गेमची जागा पुढे फोनने घेतली. नोकियाच्या तानेली आर्मांतोने ६११० या फोनसाठी साप लिहिला, १९९७ साली. २००३ मध्ये नोकिया ११०० आला. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबराची बटणं, हाताला घाम असला तरी निसटू नये अशा कडा, डोक्यावर टॉर्च. भारतासारख्या देशांतली धूळ, घाम आणि अंधार डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही रचना होती आणि तिचे जगभरात २५ कोटींहून अधिक फोन खपले. त्याच्यातला साप म्हणजे ब्रिक गेमवरचाच साप. हातातल्या खेळांची आमच्याकडची पुढची पिढी हीच. एसटीच्या प्रवासात, रानात पाणी धरताना, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या रांगेत कारखान्याच्या गेटवर थांबलेल्या ड्रायव्हरच्या हातात तो साप होता. शिनकान्सेनमधल्या त्या कंटाळलेल्या नोकरदारासाठी योकोईला जे हवं होतं, तेच.

योकोईने हे पाहिलं नाही. ‘व्हर्च्युअल बॉय’ हे त्याचं १९९५ चं यंत्र साफ कोसळलं. १९९६ साली त्याने निन्टेंडो सोडली आणि स्वतःची छोटी संस्था काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर झालेल्या अपघातात तो गेला, वय ५६. त्याच्या हातून आकाराला येत असलेलं शेवटचं यंत्र बांदाई कंपनीने १९९९ साली ‘वंडरस्वान’ या नावाने काढलं. ते एका पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चालायचं. माझ्या मते त्याच्या विचारांचं सगळ्यात शुद्ध रूप ते. जपानाबाहेर ते फारसं विकलंच गेलं नाही, याची हळहळ वाटते.

आज खेळण्यांच्या दुकानात ‘४०० इन १’ असं छापलेलं, गेमबॉयसारखंच उभं, रंगीत पडद्याचं चिनी यंत्र मिळतं. त्यात १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या टीव्हीवरच्या यंत्राची अख्खी रचना एका चिपात उतरवलेली आहे, म्हणजे पुन्हा जुनं तंत्र नव्या जागी. त्याचं मागचं झाकण सरकवलं की सेलच्या जागी चार्ज होणारी एक चपटी बॅटरी निघते. ती बीएल-५सी जातीची, नोकिया ११०० मध्ये असायची तीच. खराब झाली तर मोबाइलच्या कुठल्याही दुकानात दुसरी मिळते.